ओसरी न बांधता : टोनी मॉरिसन, नोकरी आणि तुमची चाळीस पानं

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वय ४१, पुण्यात एका पतसंस्थेत हिशेबाचं काम, दोन मुलं, नवरा महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. सोलापुरात बिड्या वळून चार लेकरं वाढवणाऱ्या आईवर कादंबरी लिहायला घेतलीत, चाळीस पानं झाली आहेत. अमेरिकन कादंबरीकार टोनी मॉरिसन यांची पहिली कादंबरी वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी आली, तीही नोकरी आणि दोन मुलं सांभाळून, असं कुठेतरी वाचलंत. म्हणून विचारलंत की हे खरं आहे का, मला जमेल का, आणि त्यासाठी नोकरी सोडावी का. खाली नमुन्याला एक परिच्छेदही दिलात.

हे खरं आहे. मी पुण्यात सव्वीस वर्षं कादंबऱ्यांची हस्तलिखितं वाचते आहे, त्यांचं संपादन करते आहे. मॉरिसन यांच्याकडे मी पुन्हापुन्हा जाते, कारण नोबेल मिळण्याआधी कितीतरी वर्षं त्या माझ्यासारखं, दुसऱ्यांची हस्तलिखितं दुरुस्त करण्याचं काम करत होत्या. तुम्ही वय, वेळ आणि नोकरीबद्दल विचारलंत. मला खरी अडचण दिसली ती तुमच्या परिच्छेदात. तिच्याकडे येतेच, पण आधी विचारलेल्याचं उत्तर.

नोकरी सोडावी का, याला मी कुणालाही सरसकट हो किंवा नाही म्हणत नाही. घरात दुसरा पगार किती भरवशाचा आहे, कर्जाचे हप्ते किती उरलेत, मुलांचं आजारपण कोण काढतं, हे तुम्हालाच ठाऊक. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन लिहायला बसलेले एक गृहस्थ मी जवळून पाहिले. तीन वर्षं रोज टेबलापाशी बसले आणि एक प्रकरण पुरं झालं नाही, कारण प्रत्येक पानाकडून त्यांना पगाराची भरपाई हवी होती. आणि नोकरी सोडल्यावरच जिची लेखणी मोकळी झाली अशी एक शिक्षिकाही पाहिली. पण तिचं घर स्वतःचं होतं आणि मुलगा कमावता झाला होता. मॉरिसन यांचं आयुष्य नमुना म्हणून घ्यायचं असेल, तर त्यातलं एकोणचाळीस एवढंच उचलू नका. त्या आकड्याच्या मागे काय होतं ते बघा.

मागे वीस वर्षांचं वाचन होतं. क्लोई वॉफर्ड हे त्यांचं मूळ नाव; जन्म १८ फेब्रुवारी १९३१, ओहायो राज्यातल्या लोरेन या पोलाद आणि जहाजबांधणीच्या गावात. वडील वेल्डर. भाडं थकलं म्हणून घरमालकानं माणसं आत असताना घराला आग लावली, हा प्रसंग त्या दोनेक वर्षांच्या असतानाचा, आईवडिलांच्या तोंडून ऐकलेला. पुढे वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातून पदवी, १९५५ मध्ये कॉर्नेलहून एम.ए., प्रबंध व्हर्जिनिया वुल्फ आणि विल्यम फॉकनर या कादंबरीकारांवर. मग ह्यूस्टनला आणि नंतर पुन्हा हॉवर्डला अध्यापन, ते १९६४ पर्यंत. हॉवर्डमध्ये असताना त्या एका लहानशा लेखकगटात जायच्या. तिथे दर वेळी काहीतरी लिहून न्यावं लागे. जुनं लिखाण संपल्यावर त्यांनी निळ्या डोळ्यांची आस धरलेल्या एका काळ्या मुलीची कथा लिहून नेली. लहानपणी एका मैत्रिणीनं त्यांना सांगितलं होतं की ती देवाकडे निळे डोळे मागते. ते मनात रुतून बसलं होतं. कथा वाचली गेली आणि बाजूला पडली. तिची 'द ब्लुएस्ट आय' ही कादंबरी होऊन १९७० साली छापली गेली. म्हणजे एकोणचाळिसाव्या वर्षी सुरुवात झाली नव्हती, पहिलं फळ हाती आलं होतं. तुमची आई तुमच्या मनात चाळीस वर्षं आहे. तुमची सुरुवातही चाळीस पानांपूर्वीच झाली आहे.

आता नोकरी. यावर थोडं थांबते, कारण इथेच लोकांचा समज सगळ्यात जास्त चुकतो.

१९६४ मध्ये घटस्फोट झाला तेव्हा एक मुलगा लहान होता, दुसरा पोटात. काही काळ आईवडिलांकडे राहून त्या न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजला गेल्या, रँडम हाउसच्या पाठ्यपुस्तक विभागात संपादक म्हणून. ओळखीचं कुणी नाही, थंडी कडक. मुलं झोपली की त्या ती जुनी कथा काढून बसायच्या. पुढे बदली होऊन न्यूयॉर्क शहरात, ललित साहित्याच्या विभागात आल्या आणि तिथे वरिष्ठ संपादक झालेल्या पहिल्या काळ्या स्त्री ठरल्या. ही नोकरी त्यांनी १९८३ पर्यंत केली. तोवर त्यांच्या चार कादंबऱ्या आल्या होत्या : १९७० ची पहिली, १९७३ ची 'सुला', १९७७ ची 'साँग ऑफ सॉलोमन' आणि १९८१ ची 'टार बेबी'. चारही नोकरीत असताना. तिसरीला नॅशनल बुक क्रिटिक्स सर्कलचा पुरस्कार मिळाला, तरी दुसऱ्या दिवशी इतरांच्या हस्तलिखितांचा गठ्ठा टेबलावर होताच.

आणि त्या गठ्ठ्यानं त्यांचं काय अडवलं? मला तर दिसतं की त्यानंच त्यांना भरवलं. अँजेला डेव्हिस यांचं आत्मचरित्र, महंमद अलींचं आत्मकथन, टोनी केड बम्बारा आणि गेल जोन्स यांच्या कथा-कादंबऱ्या त्यांच्या हाताखालून गेल्या. १९७४ मध्ये त्यांनी 'द ब्लॅक बुक' नावाचा एक संग्रह सिद्ध करवला. त्यात संग्राहकांनी जपलेली तीन शतकांची कात्रणं, छायाचित्रं, गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती, काळ्या संशोधकांची पेटंटं, गाणी असं सगळं एकत्र होतं. त्या कामात १८५६ सालच्या वर्तमानपत्रातला एक मजकूर त्यांच्या नजरेखालून गेला. मार्गारेट गार्नर ही केंटकीतली गुलाम स्त्री गोठलेली ओहायो नदी ओलांडून कुटुंबासह सिनसिनाटीत पळून आली. पकडायला माणसं दाराशी आल्यावर, लेकरं परत गुलामीत जाऊ नयेत म्हणून तिनं आपल्या दोन वर्षांच्या मुलीचा गळा चिरला. हे कात्रण डोक्यात राहिलं, आणि तेरा वर्षांनी, १९८७ मध्ये, त्यातून 'बिलव्हेड' आली. ज्या कादंबरीला पुलित्झर मिळालं, तिचं बी ऑफिसच्या कामात सापडलं होतं.

तुम्ही पतसंस्थेत रोज कर्जाचे अर्ज बघता. कोण कशासाठी पैसे मागतं, जामीन राहायला कोण येतं, सही करताना बाईचा हात कुठे अडखळतो, हे मला माझ्या खोलीत बसून कधीच दिसणार नाही. ते टिपून ठेवा. नावगाव सोडून.

१९८३ मध्ये मॉरिसन यांनी नोकरी सोडली तेव्हा वय ५२, मुलं मोठी झालेली, नाव झालेलं. 'बिलव्हेड'च्या नव्या आवृत्तीला लिहिलेल्या प्रास्ताविकात त्या सांगतात की नोकरी सुटल्यानंतर काही दिवसांनी त्या हडसन नदीकाठच्या आपल्या घरापुढच्या धक्क्यावर बसल्या होत्या. छातीत काहीतरी धडधडत होतं. भीती म्हणावी तर भिण्यासारखं काही नव्हतं. मग कळलं की आपण मोकळ्या झालो आहोत, आनंदात आहोत. मोकळं होणं म्हणजे स्त्रीसाठी काय, हा प्रश्न तिथून त्या कादंबरीत शिरला. मला हा प्रसंग फार जवळचा वाटतो. पण तो चार पुस्तकांनंतरचा आहे हे विसरू नका. माझं मत विचारलंत तर पहिला खर्डा पुरा होईपर्यंत नोकरी सोडू नका. खर्डा हातात असला की निर्णय वेगळ्या डोळ्यांनी घेता येतो.

वेळेचं काय, असं तुम्ही म्हणालच. त्या पहाटे लिहायच्या हे सगळीकडे वाचायला मिळतं. पाचच्या आधी उठायचं, अंधारातच कॉफी करायची, उजाडताना बघत प्यायची आणि मग लिहायचं. हे पुढे त्यांचं व्रतासारखं झालं, पण सुरुवातीला ती निव्वळ निकड होती. मुलं उठून 'आई' म्हणायच्या आत जो वेळ मिळेल तो. आणि ज्या मुलाखतीत त्यांनी या पहाटेबद्दल सांगितलं, त्याच मुलाखतीत एक गोष्ट मोकळेपणानं सांगितली आहे जी लोक गाळतात. त्यांना ठरावीक वेळी नियमितपणे लिहिणं कधी जमलं नाही. नोकरीमुळे कधी घाईघाईनं मधल्या वेळात, कधी शनिवार-रविवारी, कधी पहाटे. पिवळ्या कागदांच्या वहीवर, पेन्सिलीनं. एकदा मांडीवरच्या बाळानं त्या कागदावर ओकारी काढली, तर मनात आलेलं वाक्य निसटेल म्हणून त्यांनी ती पुसली नाही, डागाच्या कडेनं लिहीत राहिल्या. ज्या बाईनं पोळ्या लाटताना मनात संवाद जुळवले आहेत तिला हे समजावून सांगावं लागत नाही.

ही सवय मला पहाटेपेक्षा महत्त्वाची वाटते. गाडी चालवताना, गवत कापताना त्या प्रसंग मनात घोळवत ठेवायच्या, त्यामुळे कागदापाशी आल्यावर 'आज काय लिहू' असा प्रश्न नसे. तुम्ही रोज कात्रज ते शिवाजीनगर बसनं जाता असं लिहिलंत. तो वेळ मोबाइलला देऊ नका. एकच प्रसंग घ्या आणि आठवडाभर तोच मनात फिरवा. मी ज्या नोकरदार लेखकांना शेवटच्या पानापर्यंत पोचलेलं पाहिलं, त्या बहुतेकांकडे मोकळा वेळ नव्हता, पण मनात सतत चालू असलेलं एक प्रकरण होतं.

कामांची यादीही त्यांनी एकदा केली होती. करायलाच हवीत अशी कामं लिहीत गेल्या, यादी लांबली. मग ज्याच्याविना आपण जगूच शकणार नाही असं काय, ते शोधलं. उरलं दोनच : मुलांचं आईपण आणि पुस्तकं लिहिणं. तुम्ही सोसायटीचा हिशेब, भिशी, नणंदेच्या मुलीची शिकवणी असं बरंच सांभाळता. त्यातलं काय सोडायचं हे मी ठरवणार नाही. पण काहीतरी सोडावं लागेल, आणि त्यावर कुणीतरी नाराज होईल, हे आधीच मान्य करून टाका.

इथवरचं थोडक्यात : वय आड येत नाही, नोकरी तूर्त ठेवा, वेळ सलग मिळणार नाही हे धरून चाला.

आता तुमचा परिच्छेद. तो असा आहे :

"अम्मा (आई) मांडीवर सूप (धान्य पाखडण्याचं साधन) घेऊन उंबऱ्यात बसायची. आम्ही तेलुगू भाषक पद्मशाली समाजाचे असल्यामुळे आईला अम्मा म्हणत असू. सोलापुरात बिडी उद्योग मोठ्या प्रमाणावर असून त्यात प्रामुख्याने महिला काम करतात. एके दिवशी कारखान्यात माल देऊन आल्यावर तिनं सूप भिंतीवर आपटलं."

पहिल्या तीन वाक्यांत तुम्ही कुणाशी बोलत आहात? अम्मा म्हणजे आई हे कंसात कुणासाठी सांगता? सूप कशाला म्हणतात हे मराठी वाचकाला सांगायची गरज का पडली? तुमच्या खांद्यावरून कुणीतरी वाचतं आहे, बहुधा पुण्यातलं, शिकलेलं, सोलापूरच्या पूर्व भागात कधी पाऊल न टाकलेलं. त्याला अवघड वाटू नये म्हणून तुम्ही आपल्याच घरात पाहुण्यासारख्या वावरत आहात.

याच जागी मॉरिसन यांनी मला सर्वांत जास्त शिकवलं. 'सुला' त्यांनी आधी थेट सुरू केली होती. पहिल्या महायुद्धातून मनानं मोडून परतलेला शॅड्रॅक गावात दरवर्षी 'राष्ट्रीय आत्महत्या दिन' पाळायला लागतो, तिथून. पण मग त्यांना वाटलं की बाहेरचा वाचक बिचकेल. म्हणून त्यांनी आधी काही पानं जोडली : टेकडीवरची ती काळ्यांची वस्ती कशी होती, आता तिथे गोल्फचं मैदान कसं होणार आहे, वगैरे. १९८८ मध्ये मिशिगन विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात त्यांनी स्वतःच याची चिकित्सा केली. घरात शिरण्याआधी पाहुण्याला जरा टेकता यावं अशी जागा आपण बांधली, म्हणाल्या, आणि आता लिहिलं तर तसं करणार नाही. त्यांनी वापरलेला शब्द इमारतीच्या प्रवेशदालनाचा आहे. मी त्याला ओसरी म्हणते. 'बिलव्हेड'मध्ये त्यांनी ओसरी बांधलीच नाही. कादंबरी सुरू होते ती १२४ या नुसत्या आकड्यानं. तो घराचा क्रमांक आहे, हे घर द्वेषानं भरलेलं आहे, एवढंच कळतं. गाव कुठलं, माणसं कोण, काही नाही. गुलामांना जसं काही न सांगता एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेलं जाई, तसं वाचकालाही आत ओढलं जावं, ही त्यामागची त्यांची स्वतःची कारणमीमांसा आहे.

पहिल्या कादंबरीत त्यांनी हे वेगळ्या रीतीनं साधलं. ती ज्या शब्दांनी उघडते तो बायकांच्या परसदारच्या बोलण्यातला वाक्प्रचार आहे. आपल्याकडे 'आपल्यातच ठेव हं, कुणाला बोलू नकोस' म्हणत खुर्ची पुढे ओढतात, तसा. मग लगेच : १९४१ च्या शरदात झेंडू उगवलेच नाहीत. आणि पेकोला या मुलीला तिच्याच बापाचं मूल होणार होतं, हेही तिथेच सांगून टाकलं जातं. वाचकाला बाहेर उभं करून माहिती द्यायची नाही. त्याला कुजबुजीत सामील करून घ्यायचं. उशिरा दिलेल्या एका मुलाखतीत त्या म्हणाल्या की मी काळ्या लोकांसाठी लिहिते, आणि त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. टॉलस्टॉयही काही लोरेनमधल्या चौदा वर्षांच्या काळ्या मुलीसाठी लिहीत नव्हता. तरी तिनं तो वाचला. तुमची अम्माही परक्या माणसाला पोचेल, तुम्ही ती त्याच्यासाठी सोपी केली नाही तरच.

आपल्याकडे दलित साहित्यानं हा प्रश्न कधीच निकालात काढला आहे. १९७२ मध्ये 'गोलपिठा' आला तेव्हा त्यातले कितीतरी शब्द पांढरपेशा वाचकाला ठाऊक नव्हते. प्रस्तावना विजय तेंडुलकरांनी लिहिली, पण नामदेव ढसाळांनी कवितेतला शब्द कुणाच्या सोयीसाठी बदलला नाही. वाचकाला त्या शब्दांपर्यंत जावं लागलं.

मी हे पुस्तकी सांगत नाही. कामाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी पूर्व विदर्भातल्या एका तरुण लेखकाची पहिली कादंबरी माझ्याकडे आली होती, अस्सल झाडीबोलीतली. पुण्या-मुंबईत चालणार नाही असं म्हणून मी त्याच्याकडून निम्मे संवाद प्रमाण मराठीत करून घेतले आणि उरलेल्यांना तळटीपा लावल्या. त्याचं पहिलंच पुस्तक, तो ऐकत गेला. छापून आल्यावर वर्षभरानं भेटला तेव्हा म्हणाला, "ताई, घरी वाचून दाखवायला बसलो, पण दोन पानांपुढं वाचवेना." त्या पुस्तकाचं मी वाटोळं केलं, हे मला अजून लागून आहे. म्हणून तुम्हाला इतक्या आग्रहानं सांगते आहे.

एक शंका तुम्हाला येईल : मग समजणार कसं? प्रसंगातून समजतं. तंबाखू आणि दोऱ्याची गुंडी सुपात आहेत, पानं भिजवून पत्र्याच्या मापानं कातरली आहेत, पोरं हाका मारताहेत अम्मा अम्मा म्हणून. एवढं दिसलं की कंसाचं काम उरत नाही. ज्याला तरी कळणार नाही तो दोन पानं थांबेल. वाचक आपण समजतो त्यापेक्षा धीराचा असतो.

दुसरी शंका, असं लिहिलेलं छापेल कोण? याचं गोड उत्तर माझ्याकडे नाही. 'द ब्लुएस्ट आय' अनेक प्रकाशकांनी नाकारली होती. आली तेव्हा गाजली नाही, आणि काही वर्षांत बाजारातून नाहीशीही झाली. 'बिलव्हेड'ला मोठे पुरस्कार डावलताहेत म्हणून जानेवारी १९८८ मध्ये ४८ काळ्या लेखक-समीक्षकांना न्यूयॉर्क टाइम्सच्या ग्रंथपुरवणीत निवेदन छापावं लागलं. पुलित्झर त्यानंतर आलं. नोबेल १९९३ मध्ये, पहिल्या पुस्तकानंतर तेवीस वर्षांनी. मधल्या काळात त्यांच्याजवळ काय होतं? वडिलांची एक गोष्ट त्या सांगायच्या. जहाजाच्या पत्र्यांचा एखादा सांधा अगदी निर्दोष जुळला की वडील त्यावर आपलं नाव कोरत. ते कुणाला दिसणार नाही, असं मुलीनं म्हटल्यावर ते म्हणाले, मला माहीत असेल ना. पगार महिन्याला मिळतो, पुस्तकाला वेळ लागतो, आणि तोवर सांधा नीट जुळलाय हे तुमचं तुम्हाला माहीत असणं एवढ्यावर चालावं लागतं. तुमच्यासारख्या चोख ताळेबंद जुळवणाऱ्या बाईला हे जमेल असं मला वाटतं.

आता लगेच करायचं काम. चाळीस पानांतले सगळे कंस काढा. सोलापूरच्या उद्योगाविषयीची वाक्यं वेगळ्या वहीत नेऊन ठेवा, तुम्हाला लागतील, वाचकाला नाही. जिथे अम्मा तेलुगूत बोलली असेल तिथे तिला तेलुगूत बोलू द्या, पोरांनी मराठीत उत्तर द्यावं. तुमच्या घरात तसंच होत असणार.

आणि परिच्छेदातलं चौथं वाक्य पहिलं करा. कारखान्यात माल देऊन आल्यावर तिनं सूप भिंतीवर आपटलं. त्या दिवशी तिथे काय झालं? वळलेल्या बिड्यांतल्या किती खराब म्हणून बाजूला काढल्या, कुणी काढल्या, तो काय बोलला, ती काय बोलली नाही? सांडलेली तंबाखू कुणी गोळा केली? तुम्ही तेव्हा किती वर्षांच्या होता आणि कुठे उभ्या होता? चाळीस पानांत हे आहे की नाही मला माहीत नाही. नसेल तर इतर सगळं बाजूला ठेवून हाच दिवस आधी लिहा, आणि लिहून झाला की तेवढाच मला पाठवा.